देवरे बाईंचा पहिला तास

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या सभागृहात पालकांसाठी व्याख्यान झालं. विषय होता सकाळचा नाश्ता, मुलांचा आणि मोठ्यांचा. आहारतज्ज्ञ बाई शहरातून खास बोलावलेल्या. त्या बोलल्या ते सगळं बरोबर होतं. रात्रभर पोट रिकामं असतं, सकाळी खाल्लं नाही तर लक्ष लागत नाही, चिडचिड होते, मग दुपारी माणूस हावरटासारखं खातो. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब पहिल्या रांगेत मान डोलावत होते. शेवटी ते माइकवर आले आणि म्हणाले, "आपली शाळा याबाबतीत पहिल्यापासून जागरूक आहे."

मी मागच्या दाराशी उभी होते. तिथे आणखी चार-पाच शिक्षक होते. आम्ही कुणीच एकमेकांकडे बघितलं नाही. देवरे बाईंचं नाव त्या सभागृहात कुणी घेतलं नाही, म्हणून मी लिहिते आहे. मला अजून काही वर्षं याच शाळेत नोकरी करायची आहे. तरी लिहिते.

देवरे बाई गणित शिकवायच्या. मूळच्या सटाण्याकडच्या. उंची बेताची, आवाज मैदानाच्या पलीकडे जाणारा. साडीवर बूट घालणाऱ्या आमच्या शाळेतल्या त्या एकट्याच. "चपलेने पळता येत नाही," म्हणायच्या. त्यांना पळावं कुठे लागायचं, हे कुणी विचारलं नाही. बोलायच्या आपल्यासारखंच, पण चिडल्या की अहिराणी बाहेर यायची. "काय शे डबामा?" असा आवाज व्हरांड्यातून आला, की आम्ही समजायचो, आज कुणीतरी बिस्किटांचा पुडा घेऊन आलंय.

आमची शाळा सिडकोत, अंबडच्या कारखान्यांच्या अंगाला. सत्र सकाळचं. सव्वासातला घंटा, म्हणजे लांबची मुलं अंधारात घर सोडतात. बाप पहिल्या पाळीला गेलेला असतो, आई एका हाताने पोळी उलटते आणि दुसऱ्या हाताने पोराला स्वेटरमध्ये कोंबते, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो. अशात कोण बसून खाणार? चहा आणि दोन बिस्किटं. मधल्या सुट्टीपर्यंत तेवढ्यावर. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं. दुसऱ्या तासाला मुलं पेंगतात, तिसऱ्या तासाला भांडतात, हेही माहीत होतं. सकाळची शाळा म्हणजे असंच चालायचं, अशी आमची समजूत होती. देवरे बाईंची नव्हती.

त्यांच्या वर्गात प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार झाला, की एक गोष्ट जास्तीची असायची. प्रत्येकाने उठून सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. हे सुरू केलं त्या दिवशी मी शेजारच्या वर्गात होते, मधली खिडकी उघडी होती.

"पोहे," पहिला म्हणाला.

"पोहे," दुसरी म्हणाली.

"पोहे." "पोहे." पूर्ण रांग पोह्यांची.

"आज सगळ्या नाशकात पोहेच शिजले का रे?" बाई म्हणाल्या.

शेवटच्या बाकावरचा ऋषिकेश उठला. त्याला वाटलं, आपण जरा वेगळं सांगावं. "उपमा, बाई."

"वा. काय काय होतं उपम्यात?"

ऋषिकेशने वर छताकडे बघितलं. "पोहे."

वर्ग बाकांवर आडवा झाला. बाई हसल्या नाहीत. "खोटं बोलायलासुद्धा अंगात ताकद लागते. ती पण नाही तुझ्यात. बस खाली आणि डबा काढ."

तेव्हापासून त्यांच्या पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटं खाण्याची. मुलं डबा उघडायची, बाई तोवर फळ्यावर गणित लिहायच्या. "तोंड चालू द्या, डोळे इकडे." घास संपेपर्यंत गणित वाचून झालेलं असायचं. ज्यांच्याकडे डबा नसायचा त्यांच्यासाठी कपाटावर पत्र्याचा डबा होता, फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचे खडे. पण तो सगळ्या वर्गातून फिरायचा आणि प्रत्येकाने मूठ घ्यायचीच. कुणाला गरज होती आणि कुणाला नव्हती हे त्यातून कळायचं नाही. बाईंनी हे कधी बोलून दाखवलं नाही.

डब्यात काय असावं याबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. धान्य, सोबत डाळ किंवा कडधान्य, एखादं फळ नाहीतर काकडी-टोमॅटो. रात्रीची भाकरी ताकात कुस्करली तरी चालेल, मुगाचं धिरडं असेल तर उत्तम, अंडं असेल तर आणखी उत्तम. अंड्याच्या वासाने एकीने नाक धरलं तेव्हा बाईंनी तिला उठवलं आणि खिडकीशी बसवलं. "तुला वास येतो ना? मग हवा तू खा. त्याला अंडं खाऊ दे."

त्या फार गोड स्वभावाच्या होत्या असं कुणी समजू नये. त्या हटवादी होत्या आणि बऱ्याचदा उद्धट. स्टाफरूममध्ये दुसऱ्यांच्या डब्यात डोकावायच्या आणि मत द्यायच्या. चतुर्थी, गुरुवार, सोळा सोमवार धरणाऱ्या बायका त्यांना टाळायच्या. "उपास करा, माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणायच्या, "पण मग नववीच्या पोरांवर ओरडू नका. तुमची चतुर्थी त्यांनी का सोसायची?" आमचे चित्रकलेचे सर रोज शाळेत येण्याआधी मिसळ हाणून यायचे आणि अभिमानाने सांगायचे. नाशिककराशी मिसळीवरून वाद घालायला धाडस लागतं. बाई म्हणाल्या, "मटकीला मोड आणायला कुणीतरी दोन दिवस कष्ट घेतले. त्यावर तेलाचा तवंग ओतून, शेव टाकून तुम्ही काय मिळवलं? पहिले दोन तास पाणी आणि पुढचे दोन तास ढेकर." सर त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. मिसळ सोडली नाही, पण रविवारवर आणली.

चुकायच्याही. समीर नावाच्या मुलाला सकाळी खाणं जायचंच नाही. बाईंनी त्याला बसवून थालीपीठ संपवायला लावलं आणि त्याने ते पहिल्या बाकावर ओकून टाकलं. शिपायाला न बोलावता बाईंनी स्वतः फरशी पुसली. मग समीरला म्हणाल्या, "तुझं पोट तुझ्यानंतर उठतं. तू दुसऱ्या तासाला खा." दुसरा तास माझा होता, विज्ञानाचा. मला विचारलं नव्हतं. मी तक्रार करायला गेले तर म्हणाल्या, "पचनसंस्थाच शिकवताय ना? मग समोर चालू असलेली बघा की."

पालकसभेत त्यांच्यासमोर बसायला आया घाबरायच्या. एकदा एक जण तक्रार घेऊन आली. नीटनेटकी बाई, नवरा अंबडला सुपरवायझर. "बाई, आमचा ओंकार सकाळी काही म्हणजे काही खात नाही. पुढ्यात धरलं तरी तोंड फिरवतो."

"तुम्ही काय खाता सकाळी?"

"मी? माझं काय, सगळ्यांचं आवरलं की मग काहीतरी."

"आणि ओंकारचे पप्पा?"

"ते गेटवर वडापाव खातात."

"म्हणजे घरात सकाळी बसून खाणारं माणूसच त्याने बघितलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पोरं ऐकून खात नाहीत, बघून खातात. उद्यापासून तुम्ही ताट घेऊन त्याच्यासमोर बसा. त्याला खा म्हणू नका. तुम्ही खा."

"मला वेळ कुठं मिळतो, बाई?"

"मिळत नाही. काढा. भाजी एक कमी करा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

ती बाई रागानेच उठली. पण दिवाळीनंतर दिसली तेव्हा तिने मला थांबवून सांगितलं, की आता तिघंही बसतात, पप्पांसकट, आणि सासूबाई म्हणतात ही मास्तरीण घरात शिरली. मला वाटलं, यापेक्षा मोठी पावती काय असते.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

रथसप्तमीला आमच्या शाळेत सामूहिक सूर्यनमस्कार असतात. त्या वर्षी भाऊसाहेबांनी मोठा कार्यक्रम करायचं ठरवलं. सगळे वर्ग मैदानावर, सूर्योदयाला, आणि एक बडे पाहुणे. सूचना निघाली, विद्यार्थ्यांनी उपाशीपोटी यावं. सूर्यनमस्कार भरल्या पोटी घालत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. देवरे बाईंनाही होतं. त्यांनी सूचना वर्गात वाचून दाखवली आणि खाली जोडलं, "नमस्कार झाले की लगेच खायचं. डबे दप्तरात नको, पायाशी ठेवा."

थंडी कडाक्याची होती. मुलं उजाडण्याआधीच रांगांमध्ये उभी होती, पांढऱ्या टीशर्टमध्ये, काखेत हात घालून. सूर्य उगवला. पाहुणे आले नाहीत. भाऊसाहेब फोनवर होते. खेळाचे मोरे सर माइकवरून सांगत होते, "पाहुणे रस्त्यात आहेत, दोन मिनिटं, विश्राम." सूर्य चांगला वर आला. नमस्कार सुरू करा म्हणून मुख्याध्यापक सोनवणे सर हळूच बोलले, पण भाऊसाहेबांनी हात हलवला. पाहुण्यांशिवाय नाही.

दहावी ब ही देवरे बाईंची तुकडी. त्यातली वैष्णवी नावाची मुलगी आधी डोळे चोळू लागली, मग गुडघ्यात वाकली आणि मातीत बसली. चेहरा कागदासारखा. बाई तिच्यापाशी गेल्या, तिचं डोकं गुडघ्यांत दाबलं, पाणी दिलं. मग उठून उभ्या राहिल्या. मैदानभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दहावी ब, खाली बसा. डबे उघडा."

मुलं बसली. रांगा होत्या तशाच राहिल्या, फक्त बसलेल्या.

मोरे सर माइकवरून म्हणाले, "दहावी ब, उभे राहा."

"दहावी ब जेवतेय," बाई म्हणाल्या.

माझ्या आठवी अ ची मुलं माझ्याकडे बघत होती. मी भाऊसाहेबांकडे बघितलं, मग मुलांकडे. म्हटलं, ज्याच्याकडे डबा आहे त्याने शेजाऱ्याला घेऊन बसावं. पलीकडे नववी क आपोआप बसली. बघता बघता अर्धं मैदान पोळीभाजी खात होतं.

नेमकी तेव्हा पाहुण्यांची गाडी आली. ते उतरले, समोर बघितलं आणि भाऊसाहेबांना म्हणाले, "छान. स्नेहभोजन ठेवलंय वाटतं." भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग मी अजून विसरले नाही. जेवण झालेलं असल्यामुळे नमस्कार झालेच नाहीत. पाहुण्यांनी भाषण केलं, मुलांनी तोंडं पुसत ऐकलं.

हे प्रकरण साधं नव्हतं, कारण सोनवणे सर मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेने पुढचं नाव देवरे बाईंचं होतं. निवृत्तीला त्यांची स्वतःची दोन वर्षं उरली होती. गावाकडून आलेली, डीएड करून लागलेली, नोकरीत राहून बीएड केलेली बाई. त्या खुर्चीची त्यांना इच्छा होती. त्यांनी ती लपवली नाही. "मी वर्गातली दहा मिनिटं सगळ्या शाळेची करणार," असं त्यांनी मला एकदा बसस्टॉपवर सांगितलं होतं.

कारणे दाखवा नोटीस आली. भाऊसाहेबांनी त्यांना बोलावलं. शिक्षक प्रतिनिधी म्हणून मी सोबत होते.

भाऊसाहेब वाईट बोलले नाहीत. चहा मागवला. "बाई, तुम्ही ज्येष्ठ आहात. मला विषय वाढवायचा नाही. दोन ओळी लिहून द्या. रथसप्तमीला चूक झाली आणि इथून पुढे वर्गात खाणंपिणं होणार नाही. शाळा आहे, खानावळ नाही. तेवढं दिलंत की जूनमध्ये खुर्ची तुमची. मी शब्द देतो."

"चूक झाली हे लिहून देते," बाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी सुटकेने माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी पेन काढलं, टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्याच लिहिलं. मग मोठ्याने वाचलं. "रथसप्तमीच्या दिवशी माझी चूक झाली. पाहुण्यांची वाट बघत मी मुलांना उपाशी उभं ठेवलं. मुलगी खाली पडण्याआधीच डबे उघडायला पाहिजे होते. इथून पुढे असा उशीर होणार नाही."

चहा आला, तो ठेवून शिपाई घाईने गेला.

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय सोडताय?" भाऊसाहेब म्हणाले.

"मला कळतंय. तुम्हाला कळत नाही, मी काय धरून ठेवलंय ते."

बाहेर आल्यावर मी त्यांना बोलले. मी व्यवहारी बाई आहे, मला हे पटलं नव्हतं. म्हटलं, सही करून खुर्ची घ्यायची होती, मग वर बसून हवं ते करता आलं असतं. त्या बूट आपटत जिना उतरत होत्या. "सही करून वर गेले असते, तर त्या कागदाने मला रोज खाली बसवलं असतं, जाधव बाई," म्हणाल्या. मला तेव्हाही पूर्ण पटलं नाही. पण त्यांच्या आवाजात कुठेही पश्चात्ताप नव्हता, हे मी सांगू शकते.

नोटिशीवर चौकशी लावून ती लांबवण्यात आली, तोवर बाईंची नेमणूक अडली आणि जूनमध्ये मोरे सर प्रभारी मुख्याध्यापक झाले. पहिल्याच सूचनेत वर्गात खाण्याला बंदी. बाईंनी सूचनेवर सही केली आणि वर्गात जाऊन डबे उघडायला लावले. मोरे सर दारात यायचे, बघायचे आणि परत जायचे. लेखी समज देत राहिले, बाई लेखी उत्तर देत राहिल्या, एकाच ओळीचं. 'मुलं उपाशी होती.' दोन वर्षं हे चाललं. बाकीच्या वर्गांतलं खाणं मात्र थांबलं. माझ्याही. मी दप्तराच्या आड खाणाऱ्यांकडे कानाडोळा करायचे, तेवढंच.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपसमारंभ झाला नाही. त्यांनीच नको म्हणून सांगितलं. पुढच्या सोमवारी दहावी ब चे डबेही बंद झाले.

आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक हातगाडी लागली. तिच्यामागे बूट घातलेल्या देवरे बाई. गाडीवर शेगडी आणि मोठी लोखंडी कढई, कढईत मुगाच्या घुगऱ्या, कांदा-कोथिंबीर घातलेल्या. द्रोणात वाढायच्या. मुलं रिक्षातून उतरली की आधी रस्ता ओलांडायची, मग फाटकात शिरायची. पहिल्या पाळीला निघालेले कामगार सायकल टेकवून खायचे. रिक्षावाले खायचे. मुलांना सोडायला आलेल्या आया आधी लाजायच्या, मग त्याही उभ्या राहिल्या. "पेन्शन घेणारी मास्तरीण गाडी लावते," म्हणून लोक हसले. बाईंच्या मुलाने मनमाडहून फोन करून डोकं खाल्लं. तो रेल्वेत आहे. बाई म्हणाल्या, "तुझं इंजिन तरी डिझेल न टाकता निघतं का?"

हिवाळ्यापर्यंत गाडी चालली. आता बाई मुलाकडे मनमाडला असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या हिवाळ्यात, एका सकाळी.

कुणीतरी तक्रार केली होती. कुणी, ते मला सांगता येणार नाही. मी स्कूटर लावत होते तेव्हा अतिक्रमण विभागाची गाडी येऊन उभी राहिली. माणसं उतरली. ती आपलं काम करत होती, उगाच दमदाटी नव्हती. त्यांनी शेगडी विझवली, हातगाडी उचलायला हात लावला. बाईंनी कढई आधीच उचलून घेतली होती. कड्यांना फडकं गुंडाळून दोन्ही हातांत.

"बाई, कढई खाली ठेवा," त्यांच्यातला मुख्य म्हणाला.

"खाली ठेवली की अतिक्रमण होतं. हातात धरली तर होतं का?"

त्याने एकदा कढईकडे, एकदा रस्त्याकडे बघितलं. बहुधा असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "हातात किती वेळ धराल?"

"पोरांचं होईपर्यंत."

हातगाडी ट्रकमध्ये चढली. बाई फुटपाथवर कढई धरून उभ्या राहिल्या आणि मुलांकडे बघून हनुवटीने इशारा केला. मुलं पुढे आली. वाढायला बाईंचे हात मोकळे नव्हते, म्हणून एकीने झारा घेतला आणि ती इतरांच्या द्रोणात वाढू लागली. फाटकातून मोरे सर बघत होते. कढई जड होती आणि गरम. बाईंनी ओठ तेवढे दाबून धरले होते.

माझा पहिला तास होता. मी रस्ता ओलांडला, पदराची घडी केली आणि दुसऱ्या बाजूची कडी धरली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं वजन तुमच्या बाजूला घ्या. माझ्याकडे ढकलू नका."

घंटा झाली. कढई अजून अर्धी भरलेली होती, आणि रांगेतलं एकही पोर हललं नाही.